एका घराच्या दोन याद्या

दुकानात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांसाठी ती 'तीन नंबर' होती. "तीन नंबरला विचारा, तिला ठाऊक असेल." "तीन नंबर आज रजेवर आहे का हो?" एकदा दवाखान्यात बाहेरच्या बाईंनी तिचं खरं नाव दोनदा पुकारलं, तर ही आपली शेजारणीकडे बघत बसली, की कुणाला बोलावताहेत बरं.

तिसऱ्या काउंटरवर ती बसली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि उठली तेव्हा पंचावन्नची. रुंद रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ते मोठं दुकान. पुढं गाड्या लावायला पटांगण, आत दाराजवळ ओळीनं सहा काउंटर. प्रत्येकावर एक खांब, खांबावर आकडा, आकड्यामागं दिवा. दिवा लागला की काउंटर चालू.

पहिल्या महिन्यात तिची झोप उडाली होती ती भाज्या-फळांच्या आकड्यांनी. डब्या-पाकिटांवर काळ्या रेघांच्या पट्ट्या छापलेल्या असत, ती वस्तू काचेवरून सरकवली की काम झालं. पण काकडीवर काय छापणार? म्हणून काकडीला सतरा, केळ्यांना बेचाळीस, लिंबांना नऊ. असे सव्वाशे आकडे. तिनं ते कागदावर लिहून भांडी घासायच्या जागी भिंतीला चिकटवले आणि घासता घासता पाठ केले. महिन्याभरात आकडे डोक्यातून उतरून बोटांत गेले ते गेलेच. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी झाली, तरी ही विचारात असली की टेबलावर बोटं आपटायची. लेक ऐकून म्हणायची, "बाबा, आज काकडी आहे बरं का जेवायला."

बाबा म्हणजे पाववाला. बेकरीची गाडी घेऊन तो रोज सकाळी मागच्या दाराशी यायचा. पावाचे ट्रे उतरवायचे, सही घ्यायची, निघायचं, एवढंच त्याचं काम. पुढच्या बाजूला फिरकायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी तो अख्ख्या दुकानाला वळसा घालून तिसऱ्या काउंटरवर यायचा आणि पेपरमिंटचं एक पाकीट सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा. शेजारचे दोन काउंटर रिकामे असले तरी हा आपला तिसऱ्याच्या रांगेत.

महिना-दीड महिना गेल्यावर तिनं विचारलं, "एवढी पेपरमिंट आवडते तुम्हाला?"

"मुळीच नाही," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याच्या गाडीत पुढं बसली. समोरचा कप्पा उघडला तर पेपरमिंटची पाकिटं धबाधबा मांडीवर. "दोन वर्षं आमच्याकडं आल्यागेल्याला पेपरमिंट," ती सांगायची, आणि सांगताना दर वेळी तितकीच हसायची.

काउंटरवर बसून माणसं कळतात हे तिला हळूहळू उमगलं. सामान बोलतं. नवीन घर मांडणारी जोडपी झाडूपासून सुरुवात करतात. एखादा बाप्या चारदा येऊन चार वेगवेगळे साबण नेतो, तेव्हा घरची बाई माहेरी गेलेली असते आणि याला नेहमीचा कोणता ते आठवत नसतं. एक जण एक ताट, एक वाटी, एक चमचा आणि एकच उशी घेऊन आला, तेव्हा तिनं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "या उशीला बसेल असा अभ्रा मागच्या रांगेत आहे." तो गेला, अभ्रा घेऊन आला, आणि पुढं अकरा वर्षं तिच्याच रांगेत उभा राहिला.

आणि दर गुरुवारी साडेदहाला यायच्या त्या दोघी बहिणी.

थोरल्या बाई उंच, ताठ, टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं, शिक्का मारल्यासारखं. धाकट्या बाई बुटक्या, गोल, मुलांना गाणं शिकवायच्या. त्यांचं हसू दुकानात शिरण्याआधी ऐकू यायचं. दोघींनी लग्नं केली नव्हती. आईवडिलांच्या घरात दोघीच राहत होत्या, पण सामान मात्र वेगवेगळं. थोरल्या बाई आधी आपल्या वस्तू मांडायच्या: खारी बिस्किटं, संत्र्याचा कडवट मुरंबा, हिरवा साबण, काळी कॉफी. मग दोन गिऱ्हाइकांचं सामान वेगळं ठेवायची ती आडवी दांडी टक्कन मध्ये ठेवायच्या. दांडीच्या पलीकडं धाकट्या बाईंची क्रीमची बिस्किटं, स्ट्रॉबेरीचा जाम, गुलाबी साबण, दूध, चॉकलेट.

"दोन बिलं," थोरल्या बाई म्हणायच्या.

"एवढी वर्षं झाली, मला माहीत नाही का बाई?" तीन नंबर म्हणायची.

"सांगून ठेवलेलं बरं."

मग धाकट्या बाई मागून डोळे मिचकावायच्या. त्या हवेवर, गुडघ्यांवर, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर काहीबाही बोलायच्या, आणि मागची रांग खोळंबली तरी कुणी कुरकुरायचं नाही.

काउंटर गेले ते एकाच आठवड्यात. नवे साहेब आले होते, तिच्या लेकीहून चार वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता गिऱ्हाईक आपलं बिल आपणच करणार, आठ यंत्रं येणार आहेत, कुणाचीही नोकरी जाणार नाही, फक्त कामं बदलतील. मंगळवारी कामगारांनी पट्टे उचलले. काउंटर होते तिथं फरशी नवीकोरी निघाली, बाकीची पायांनी मळकी झालेली. कित्येक महिने ते सहा उजळ चौकोन दिसत राहिले. ट्रॉली ढकलणारी माणसं उगाचच त्यांना वळसा घालून जायची.

तीन नंबरला यंत्रांपाशी उभं केलं. यंत्रातून एक गोड बाई बोलायची, "पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे. कृपया मदतीची वाट पाहा." लाल दिवा लागायचा. तिनं जायचं, गळ्यातलं कार्ड दाखवायचं, दिवा हिरवा करायचा. अनपेक्षित वस्तू म्हणजे कुणाची छत्री, कुणाची पर्स, एकदा तर एका आईनं टेकवलेलं तान्हं बाळ.

तिला वाईट वाटायचं ते याचं नव्हे. वाईट वाटायचं ते पाठींचं. जी माणसं वीस-वीस वर्षं तिच्यासमोर तोंड करून उभी राहिली, त्यांच्या आता पाठी दिसायच्या. आठ यंत्रं, आठ पाठी. ओळखीचं कुणी दिवा लागला की वळून म्हणायचं, "अरे, तुम्ही होय!" आणि पुन्हा पाठ. घाईची माणसं खूश होती आणि त्यांचं चूक नव्हतं. एकदा एका नेहमीच्या बाईंनी तिला सरळच सांगितलं, "राग मानू नका ताई, पण मला हे बरं वाटतं. मी काय घेते ते कुणी बघत नाही."

घरी आल्यावर तिनं ते नवऱ्याला सांगितलं. तो आता निवृत्त होता, गुडघे धरलेले, स्वयंपाक मात्र तिच्याहून बरा करायचा.

"अहो, मी बघायची का हो लोकांच्या सामानाकडं टक लावून?"

"टक लावून नाही," तो बटाटे चिरता चिरता म्हणाला. "पण बघायचीस."

तिनं टोपलीतला एक कांदा उचलला आणि सोलायला घेतला.

वर्षभरानं आणखी बदल झाला. आता लोकांनी फोनवरून यादी पाठवायची, दुकानातल्या माणसानं सामान काढून ठेवायचं, आणि गिऱ्हाइकानं पटांगणातल्या ठरलेल्या जागी गाडी लावायची. सामान गाडीत. आत पाऊल टाकायचं कामच नाही. तीन नंबरला त्या कामावर नेलं. हातात एक छोटं यंत्र दिलं. ते यादी दाखवायचं, कुठल्या फळीवर काय ते सांगायचं, आणि ती रेंगाळली की टूं टूं करायचं. गाडीपाशी दोन मिनिटांहून जास्त थांबायचं नाही, खिडकीशी जायचं नाही. डिकी आपोआप उघडायची, तिनं पिशव्या ठेवायच्या, डिकी बंद व्हायची, खिडकीतून एक हात हलायचा. आधी चेहरे होते, मग पाठी झाल्या, आता नुसते हात.

तरीही हे काम तिला यंत्रांपाशी उभं राहण्यापेक्षा बरं वाटलं. टोमॅटो निवडायला मिळायचे. ती घरच्यासारखे निवडायची, दाबून, वास घेऊन, आणि यंत्राला खुशाल टूं टूं करू द्यायची.

असंच एका गुरुवारी तिच्या यंत्रावर एकापाठोपाठ दोन याद्या आल्या. पहिलीत क्रीमची बिस्किटं, स्ट्रॉबेरीचा जाम, गुलाबी साबण. दुसरीत खारी बिस्किटं, कडवट मुरंबा, हिरवा साबण, काळी कॉफी. एकच गाडी, एकच जागा, दोन बिलं. ती त्या फळ्यांच्या मधोमध उभी राहून एकटीच हसली. नावाच्या जागी नुसता ग्राहक क्रमांक होता, पण तिला नाव कशाला हवं? दोघी दुकानात दिसेनाशा झाल्याला वर्ष होऊन गेलं होतं. आहेत म्हणायच्या! त्या दिवशी टॅक्सी आली. मागच्या धुरकट काचेआड एक पांढरं डोकं दिसलं. तिनं पिशव्या ठेवल्या, हात केला, आतून हात हलला. तेवढ्यावर तिचा आठवडा छान गेला.

हे पाच-सहा महिने चाललं. मग एका गुरुवारी एकच यादी आली. खारी बिस्किटं, कडवट मुरंबा, हिरवा साबण, काळी कॉफी. तिनं दुसरीची वाट पाहिली. आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"धाकट्या बाई गेल्या," ती घरी येऊन म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्यांचं सामान बंद झालं."

"अगं, गावाला गेल्या असतील. नाहीतर साखर झाली असेल, गोड बंद केलं असेल."

"साबणसुद्धा बंद होतो का साखरेनं?"

"जाऊन विचार ना मग त्यांना," तो म्हणाला.

"दोन मिनिटांत काय विचारू? तुमची बहीण वारली का, म्हणून?"

सात गुरुवार तिनं मुकाट्यानं ती एकच पिशवी ठेवली. फळीवरचं क्रीमच्या बिस्किटांचं पाकीट दिसलं की गलबलायचं. थोरल्या बाई त्या घरात एकट्या कशा राहत असतील, ना बोलायची सवय, ना हसायची. आठव्या गुरुवारी तिनं क्रीमच्या बिस्किटांचं एक पाकीट आपल्या खर्चानं घेतलं आणि पिशवीत खाऱ्या बिस्किटांच्या खाली ठेवून दिलं. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. वाटलं, त्यांना कळेल.

नवव्या गुरुवारी टॅक्सी जागेवर लागली. डिकी उघडली. ती पिशवी ठेवते न ठेवते तोच मागची काच खाली झाली.

"अहो तीन नंबर! बिस्किटं तुम्हीच ठेवली होतीत ना?"

तो आवाज. ती धावतच खिडकीशी गेली. आत धाकट्या बाई बसल्या होत्या, वाळलेल्या, गळ्याला मफलर, पण धाकट्याच. तीन नंबरच्या छातीत आनंद असा उसळला की तिनं खिडकीतून हात घालून त्यांचा हात धरला. "अगबाई, तुम्ही आहात!" ती म्हणाली. आणि त्याच श्वासात तिला दुसरी गोष्ट कळली. या आहेत, म्हणजे त्या नाहीत.

धाकट्या बाईंनी तिचा चेहरा बघितला आणि मान हलवली. "दोन महिने होऊन गेले. झोपेतच गेली. तिच्या स्वभावाप्रमाणे, कुणाला त्रास न देता."

"पण यादी तर त्यांचीच..."

"फोन तिचा ना. सगळं तीच करायची. आधी मला विचारून माझी यादी टाकायची, मग स्वतःची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एक मोठं हिरवं बटण आहे, 'मागचीच यादी पुन्हा'. ते दाबलं की तिचं सामान येतं. शेवटची तिचीच राहिली होती ना." त्यांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. "पहिल्यांदा चुकून आलं. मग मीच दाबत राहिले. मुरंब्याच्या आठ बाटल्या झाल्यात घरात. कडू जहर असतो हो तो. कसा खायची कोण जाणे."

हातातलं यंत्र टूं टूं करायला लागलं. तिनं ते खिशात कोंबलं.

"एक सांगू?" धाकट्या बाईंचा आवाज बारीक झाला. "त्या पट्ट्यावर ती दांडी ठेवायची ना, तेव्हा मी माझं एक पाकीट हळूच तिच्या बाजूला सरकवायची. तिच्या बिलात. दर गुरुवारी. तुम्हाला दिसायचं?"

"दिसायचं."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"त्यांनाही दिसायचं, बाई. तुम्ही एकदा आजारी होतात, त्या एकट्या आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या मला. म्हणाल्या, तिला वाटतं मला कळत नाही. तसंच वाटू दे तिला, तेवढाच तिचा पराक्रम."

धाकट्या बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदमच. टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं आणि इंजिन बंद केलं.

"चला," तीन नंबरनं दार उघडलं. "उतरा. तुम्हाला काय हवं ते आज तुम्ही घ्यायचं."

"माझं कंबरडं मोडलंय, अहो."

"ट्रॉलीला धरून चालायचं. मी आहे."

मागच्या जागेत एक गाडी येऊन थांबली होती. थांबू दे, ती मनाशी म्हणाली, आणि दोघी आत गेल्या. धाकट्या बाई दुकानात नव्यानं आल्यासारख्या बघत होत्या. बिस्किटांपाशी त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. एक पाकीट घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. "ताई म्हणायची, आठवड्याला एकच," त्या पुटपुटल्या, आणि दोन घेतली. मग जाम, दूध, गुलाबी साबण, केळी.

यंत्रापाशी त्यांनी आधी पर्सच ठेवली. गोड बाई बोलली, "पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे."

"अगं थांब जरा, श्वास तर घेऊ दे!" धाकट्या बाई तिच्यावर खेकसल्या. आजूबाजूच्या सातही पाठी वळल्या आणि कुणीतरी फसकन हसलं. केळ्यांसाठी यंत्र चित्रं दाखवायला लागलं. तीन नंबरची बोटं मात्र आधी बेचाळीस शोधत होती.

एकोणीस मिनिटं झाली होती. साहेबांनी दुपारी बोलावलं.

"ताई, काय झालं होतं?"

तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यंत्रानं वर कळवलंय. मला लिहावंच लागेल."

"लिहा की साहेब. मी सही करते."

तिनं सही केली. बत्तीस वर्षांतला तिचा पहिला मेमो. घरी जाऊन तिनं तो नवऱ्याला दाखवला, तर तो म्हणाला, "फ्रेम करायची का?" दुसऱ्या आठवड्याचं कामाचं वेळापत्रक लागलं, तेव्हा गुरुवारी तिची सुट्टी दुपारी तीनऐवजी सकाळी साडेदहाला होत होती, आणि साहेबांनी तेवढे तास इतर दिवसांवर वाटून टाकले होते.

तो सगळा हिवाळा धाकट्या बाई गुरुवारी आत यायच्या. कोट चढवून ती दाराशी उभी असायची. दोघी मिळून फळ्यांमधून फिरायच्या, जरूर नसलेल्या रांगांतूनसुद्धा. तिनं त्यांना फोन शिकवला, यादी कशी लिहायची, कशी बदलायची. बाई पटकन शिकल्या. गाणं शिकवणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा घोकायची सवय असते. फक्त थोरल्या बाईंची जुनी यादी पुसायची का असं विचारल्यावर त्यांनी फोन काढून घेतला. "असू दे. दाबणार नाही मी. पण असू दे." मुरंब्याच्या आठांपैकी तीन बाटल्या तीन नंबरच्या घरी आल्या. पाववाल्याला तो मुरंबा फार आवडला.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं काम सोडलं. पायांनीच सांगितलं. मागच्या विश्रांतीच्या खोलीत केक कापला, साहेब दोन शब्द बोलले. तिचं खरं नाव घेऊन बोलले, त्यामुळं निम्म्या लोकांना कळायला वेळ लागला. घरी पहिले दोन महिने ती पहाटे उठून बसायची आणि जायचं कुठं ते न आठवून पुन्हा आडवी व्हायची. धाकट्या बाईंकडं गुरुवारी जाणं मात्र चालू राहिलं, ते त्या एका दूरच्या भाचीकडं राहायला जाईपर्यंत. अजूनही त्यांची पत्रं येतात. हस्ताक्षर थरथरतं, मजकूर खोडकर.

दीड वर्षानं साहेबांचा फोन आला. यंत्रांवरून माल बिलाविना बाहेर जातोय, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारींचा ढीग झालाय. दोन काउंटर पुन्हा बसवताहेत. दोन नव्या मुली घेतल्यात, त्यांना काउंटरवर बसायचं काही माहीत नाही. तीन दिवस येऊन शिकवाल का?

"कायमच्याच या ना," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले.

"नको साहेब. एवढा वेळ बसलं की पाय सुजतात, आणि घरी आता कुणीतरी रांधून वाढतं."

शिकवायला फारसं नव्हतंच. आकडे आता पाठ करावे लागत नव्हते. पट्टा कसा थांबवायचा, जड सामान खाली आणि अंडी वर, एवढं तिनं दाखवलं. एका मुलीनं विचारलं, "गिऱ्हाइकांशी बोलायचं काय पण?"

"ते बोलले तर बोलायचं. नाहीतर नमस्कार करायचा आणि हात चालवायचे." तिनं फडक्यानं पट्टा पुसला. "सामान बघून माणूस कळतो असं मला वाटायचं. अर्धाच कळतो. उरलेला अर्धा विचारावा लागतो."

मुलीला ते कळलं की नाही कोण जाणे, तिनं मान मात्र हलवली. दारातून एक आजोबा ट्रॉली ढकलत आले, यंत्रांकडं बघितलं, मग या बाजूला वळले. तीन नंबर खुर्चीवरून उठली. मुलगी तिच्या जागी बसली, पण ती उंच होती, गुडघे पट्ट्याला लागत होते. तीन नंबरनं वाकून खुर्चीखालचा खटका दाबला, खुर्ची मुलीच्या बेतानं खाली केली, दिवा लावला आणि बाजूला सरकून उभी राहिली. आजोबा एकेक वस्तू पट्ट्यावर मांडू लागले होते.